मोसरु अल्लेनु?

परवा कॉलेजहून परतताना खानापूर रस्त्यावरच्या एका छोट्या डेअरीत दूध घ्यायला थांबले. काउंटरवर दह्याच्या स्मूदीच्या बाटल्या मांडलेल्या: आंबा, चिकू, स्ट्रॉबेरी. आपल्याच भागातले दूध, डेअरी चालवणारी मुलेही इथलीच. कौतुक वाटले आणि सहा बाटल्या घेऊन आले.

घरी चव घेण्याचा सोहळाच झाला. चिकूची दाट आणि किंचित रवाळ, दह्याचा आंबटपणा मागाहून जाणवणारा. स्ट्रॉबेरीला आमच्या धाकटीच्या मते सुवासिक खोडरबराचा वास! आंब्याची मात्र सगळ्यांना आवडली. सासूबाईंना तर फारच.

सासूबाई माहेरच्या गोकाकच्या. बारा वर्षांपासून मधुमेह. चहा बिनसाखरेचा, आणि घरात कुंदा आला की त्या उठून देवघरात जातात. मी म्हटले, "आई, जरा बेतानं हं." त्यांनी बाटली न सोडता विचारले, "मोसरु अल्लेनु?" दहीच ना हे! मी गप्प बसले. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही ठेवणारी माणसे आपण, दह्यावर संशय कसा घ्यायचा?

तीन दिवस रोज एक बाटली झाली. चौथ्या दिवशी सकाळी साखर तपासली आणि आकडा बघून माझेच हातपाय गार पडले. तेव्हा कुठे चष्मा लावून लेबल वाचले. शंभर मिलीत वरून घातलेली साखर १० ग्रॅम. बाटली २०० मिलीची, म्हणजे २० ग्रॅम, चांगले चार चमचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली मर्यादा निरोगी माणसालाही दिवसाला साधारण २५ ग्रॅमच. लेबलवर सगळे छापलेले होते, वाचले नाही ते मी. मुलांना 'मूळ संहिता वाचा' म्हणून वर्गात बजावणारी!

खरे तर विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात, म्हणून तर दही आंबट होते. तो आंबटपणा झाकायला पुन्हा साखर ओतायची, हे मला काही पटत नाही.

डेअरीतल्या मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, "मॅडम, बिनसाखरेची काढून बघितली होती. बाटल्या तशाच परत आल्या." त्याचेही खोटे नसावे. त्याच्याकडचे साधे दही मात्र छान घट्ट असते. तेच आणून पपईच्या दोन फोडी घालून घुसळले. सासूबाईंनी घोट घेतला. "सप्पग ऐति," म्हणाल्या. अळणी! मग चिमूटभर मीठ आणि भाजलेले जिरे घातले, तेव्हा पेला संपला.

धाकटी आता आपली आंब्याची बाटली फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीमागे ठेवते. अज्जीला ती जागा ठाऊक आहे, असा मला दाट संशय आहे.