शाल-नारळावर पोट भरतं का?

दर वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. एखादे लेखक येतात, तासभर बोलतात आणि शाल-श्रीफळ घेऊन परत जातात. गॅदरिंगच्या डीजेला मात्र आधी ॲडव्हान्स मोजावा लागतो, नाहीतर तो वायरसुद्धा जोडत नाही! लेखकाशी पैशांचं बोलायचा आपल्याला संकोच वाटतो, आणि मागायचा त्यांनाही.

लेखक कमावतो तरी किती? आपण इंजिनिअर, तेव्हा हिशेबच करूया. समजा, हजार प्रतींची आवृत्ती, किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला मिळाले ३०,००० रुपये. खपायला तीन वर्षं लागली तर महिन्याला ८३३ रुपये. यात आपलं मेसचं बिल तरी भागेल का?

"गावाकडे स्वस्ताई असते, तिथे भागतं रे," असं माझा रूममेट म्हणतो. हे अर्धंच खरं आहे. पुण्यात हे तीस हजार दोन महिन्यांच्या घरभाड्यात संपतील, तालुक्याच्या गावी कदाचित सहा-सात महिने पुरतील. पण औषधं, पेट्रोल, कागद यांचे भाव गाव बघून उतरत नाहीत. शिवाय मोठे प्रकाशक बहुतेक पुण्या-मुंबईतच. पुण्यातला लेखक रिक्षाने जाऊन येतो. किनवटच्या किंवा सावंतवाडीच्या लेखकाला रात्रभर प्रवास करावा लागतो. म्हणजे भाड्यात वाचलेलं तिकिटात गेलं!

मग उरते नोकरी. वि. स. खांडेकर शिरोड्याला शिक्षक होते, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक. हे तिघेही ज्ञानपीठविजेते बरं का! नारायण सुर्वे आधी शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. आणि अण्णा भाऊ साठे? 'फकिरा' १९५९ साली आली, तिला राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. पण १९६९ साली अण्णा भाऊ गेले ते हलाखीतच.

कुणी म्हणेल, नोकरीतला अनुभवच लेखनात उतरतो. मान्य! पण ज्याला नोकरी नाही, घरची शेती नाही, त्याने लिहायचंच नाही का? अशाने कोण लिहिणार हे प्रतिभा नाही, पगार ठरवतो. आणि मग ठरावीक घरांतल्याच गोष्टी आपल्या वाट्याला येतात. हे नुकसान लेखकाचं कमी, आपलं जास्त आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, पाहुण्या लेखकांचं मानधन गॅदरिंगच्या बजेटमध्येच धरावं आणि आमंत्रण देतानाच आकडा सांगावा. जे लांबून येतील त्यांना प्रवासखर्च वेगळा द्यावा, मानधनातून कापू नये. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. नव्या कादंबरीची चोरीची पीडीएफ हॉस्टेलच्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. सगळ्यांना विकत घेणं परवडत नाही, हे मलाही कळतं. मग चौघांनी पैसे काढून एक प्रत घ्या, नाहीतर लायब्ररीत मागणी नोंदवा. वरच्या हिशेबाने एका प्रतीमागे लेखकाला तीस रुपये मिळतात. दोन कटिंगचे पैसे. तेवढेही आपण बुडवायचे का?