बदललेल्या मनाचं भाडं कुणी द्यायचं?

पानिपत म्हटलं की मराठी माणसाला चादर आठवत नाही. आठवते ती १४ जानेवारी १७६१ ची लढाई. आपल्याकडे एखाद्याचा धंदा बुडाला की 'पानिपत झालं' एवढं म्हटलं तरी पुरतं. दिल्लीहून उत्तरेकडे साधारण नव्वद किलोमीटरवरचं हे गाव आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतं. शहराबाहेर काला अंब आहे. सांडलेल्या रक्तानं तिथलं आंब्याचं झाड काळं पडलं, अशी कथा सांगतात. झाड केव्हाच गेलं. आता तिथे स्मारक आहे, आणि दर संक्रांतीला मराठी माणसं तिथे डोकं टेकवायला जातात.

यंदा मीही गेले होते. परतताना आमची गाडी गावात थांबली आणि दुसरंच पानिपत दिसलं. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी या गावात बस्तान बसवलं. आज चादरी, पडदे, सतरंज्या, गालिचे, ब्लँकेटं असा सगळा घरगुती कापडाचा माल इथून देशभर जातो. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून ब्लँकेट विणणं, ही तर या गावाची जगभर असलेली ओळख.

आमच्याबरोबर दिल्लीच्या एक मराठी वहिनी होत्या. पानिपतहून चादरी-ब्लँकेटं घ्यायची, घरी घड्या करून पिशवीबंद करायची आणि ऑनलाइन विकायची, हा त्यांचा चार वर्षांचा उद्योग. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं बरं आहे. दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही."

त्या हसल्या. "अहो ताई, दुकानाचं भाडं नाही, पण गिऱ्हाइकाच्या बदललेल्या मनाचं भाडं मीच भरते!"

मग त्यांनी एक किस्सा सांगितला. नागपूरच्या एका बाईंनी मुलाच्या होस्टेलसाठी ब्लँकेट मागवलं. मुलाचा प्रवेशच रद्द झाला. बाराव्या दिवशी बाईंचा फोन आला, 'परत घ्या.' वहिनींची मुदत सात दिवसांची. माल निर्दोष, पोचला वेळेवर. बाईही खोटं बोलत नव्हत्या. पुन्हा त्यांचं म्हणणं असं, की जाण्याचं कुरिअर आणि येण्याचं कुरिअर, दोन्ही वहिनींनी सोसावं. आता यात चूक कुणाची?

वाचकहो, चूक कुणाचीच नाही, म्हणूनच हा प्रश्न अवघड. घरबसल्या ऑनलाइन विक्री करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींना तो रोज पडतो. म्हणून आज त्याचीच फोड करू.

पहिली गोष्ट कायद्याची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालचे जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम काय म्हणतात? माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर पूर किंवा तशाच आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल, तर तेवढी सूट आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला ढाल म्हणून चालत नाही, ती यामुळे.

पण 'आता नको वाटतं' हे कारण या यादीत नाही. चांगला, सांगितल्याप्रमाणे असलेला, वेळेवर पोचलेला माल केवळ मन बदललं म्हणून परत घेण्याची सक्ती आपल्याकडचा कायदा करत नाही. ती सवलत विक्रेत्यानं स्वखुशीनं दिलेली असते. मात्र एकदा 'सात दिवसांत परत घेऊ' असं लिहिलं, की ते वचन झालं. मग माघार नाही.

युरोपात हे उलट आहे. तिथे दुरून खरेदी केलेली वस्तू कारण न देता चौदा दिवसांत परत करण्याचा हक्कच आहे. ब्रिटनमध्येही २०१३ च्या नियमांनी तसाच हक्क मिळाला. भाड्याची वाटणीही तिथे ठरवून दिली आहे. जाण्याचं साधं कुरिअर विक्रेता परत करतो. गिऱ्हाइकानं हौसेनं जलद सेवा घेतली असेल, तर तो वरचा खर्च मात्र मिळत नाही. परत पाठवण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. पण तो गिऱ्हाइकानं सोसायचा हे विक्रेत्यानं आधी सांगितलेलं हवं, नाहीतर तोही विक्रेत्याच्या गळ्यात. माल गरजेपेक्षा जास्त वापरून खराब केला, तर विक्रेता तेवढे पैसे कापू शकतो. जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकानं गादीवरचं प्लास्टिक काढून ती परत करायची म्हटली, तेव्हा प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेलं. २०१९ च्या मार्चमध्ये न्यायालयानं सांगितलं, की कपडा अंगाला लावून बघतात तशीच गादी आहे. साफ करून ती पुन्हा विकता येते, तेव्हा परत घ्या. चादर-ब्लँकेटवाल्यांनी लक्षात ठेवावा असा हा निकाल. परदेशी माल पाठवायचा विचार असेल, तर त्या देशाचा नियम आधी वाचावा.

आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. व्यापाऱ्यांचा 'जांगड' शब्द जुन्या मंडळींना माहीत असेल. माल पसंतीसाठी न्यायचा, वहीत नोंद करायची, पसंत पडला तर पैसे, नाहीतर ठरल्या मुदतीत माल परत. १९३० च्या मालविक्री कायद्यातही पसंतीवर दिलेल्या मालासाठी कलम आहे: मुदत ठरली असेल तर ती, नसेल तर वाजवी काळ उलटला आणि माल परत आला नाही, की तो विकला गेला असं धरतात. ऑनलाइन परतावा म्हणजे एका अर्थी जांगडच. फरक एवढाच, की जांगडीत माल दोन गल्ल्या पलीकडे जायचा, आता तो पानिपतहून नागपूरला जातो आणि परत येतो. भांडण आहे ते या मधल्या वाटेचं.

त्या वाटेचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. समजा, एका चादरीवर सगळा खर्च जाऊन ९० रुपये सुटतात. जाण्याचं कुरिअर ७०, येण्याचं ९०, पिशवी-खोका १५. म्हणजे एक चादर परत आली की १७५ रुपये गेले. शंभर चादरी पाठवल्या आणि दहा परत आल्या, तर ९० चादरींचे ८,१०० सुटले, त्यातून १,७५० गेले, उरले ६,३५०. वीस परत आल्या तर उरतात ३,७००. तीस आल्या तर १,०५०. आणि पस्तीस आल्या तर घरातले २७५ रुपये घालावे लागतात. यात परत आलेली प्रत्येक चादर पुन्हा विकण्याजोगी आहे असं धरलं आहे. तसं नेहमी नसतं, हे तुम्ही जाणताच.

यात आणखी एक भानगड असते ती 'आरटीओ'ची. आपल्याला आरटीओ म्हटलं की गाडीचं लायसन आठवतं. ऑनलाइन विक्रेत्याला आठवतं न स्वीकारता परत आलेलं पार्सल. कॅश ऑन डिलिव्हरीनं मागवायचं आणि माणूस दारात आला की 'नको' म्हणायचं. यात पैसे परत करायचे नसतात, पण भाडं दोन्हीकडचं जाऊ शकतं. म्हणून आरटीओचा हिशेब वेगळा आणि उघडून परत केलेल्या मालाचा वेगळा ठेवावा. दोघांची औषधं वेगळी आहेत. पहिल्यासाठी पार्सल पाठवण्यापूर्वी एक फोन किंवा संदेश पुष्कळदा कामी येतो.

दुसऱ्याचं औषध मालाच्या वर्णनात आहे. 'मन बदललं' म्हणून परत येणाऱ्या वस्तूंपैकी कित्येकींच्या बाबतीत मन बदललेलंच नसतं, कल्पना चुकलेली असते. 'डबल बेड' एवढंच लिहू नका, चादरीची लांबी-रुंदी इंचात द्या आणि किती जाड गादीवर ती नीट खोचली जाते ते सांगा. ब्लँकेटचं वजन लिहा. पॉलिएस्टर असेल तर 'लोकरीसारखं' म्हणू नका, पॉलिएस्टर म्हणा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा. फोटोत मरून आणि हातात लाल, असं झालं तर तो मन बदलण्याचा प्रकार राहत नाही. तो 'सांगितल्यासारखा नाही' या खात्यात जातो. मग पूर्ण किंमत, जाण्याचं भाडं आणि येण्याचं भाडं विक्रेत्यानंच सोसावं, यात वाद घालू नये.

आता खऱ्या मनपालटाबद्दल. तुम्ही अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशा मोठ्या बाजारात विकत असाल, तर परताव्याचे नियम बहुतांशी त्यांचेच असतात. ते आधी वाचा आणि किंमत ठरवताना परताव्याचा खर्च धरा. पण स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सअॅपवर नियमित धंदा करत असाल, तर नियम तुम्हाला लिहायचा आहे. तीन वाटा आहेत. एक, सगळं आपण सोसायचं: गिऱ्हाईक खूश, पण नफा जाड हवा. दोन, फक्त मालाची किंमत परत, दोन्ही भाडी गिऱ्हाइकाची: हिशेब सुरक्षित, पण नवं गिऱ्हाईक बिचकतं. तीन, किंमत आणि जाण्याचं भाडं परत, येण्याचं भाडं गिऱ्हाइकाचं. छोट्या विक्रेत्याला ही मधली वाट बहुधा मानवते. दोघांनाही थोडी झळ बसते, त्यामुळे दोघंही विचार करतात.

वाट कोणतीही घ्या, ती विक्रीआधी लिहिलेली हवी. परत पाठवण्याचा खर्च कुणाचा हे स्पष्ट, सहज दिसेल असं सांगणं २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्यावर बंधनकारकच आहे. एकूण किंमत आणि तिच्यातलं भाडं, कर हेही वेगळं दाखवायचं आहे. 'घरपोच मोफत' असं मोठ्या अक्षरांत लिहून परताव्याच्या वेळी 'सत्तर रुपये कापले' म्हणणं बरं नव्हे. कापायचे असतील तर तसं आधीच लिहा. मुदत किती, आणि ती माल हाती पडल्यापासून की मागवल्यापासून, तेही लिहा. धुतलेली, वापरलेली, लेबल काढलेली किंवा नाव विणून घेतलेली वस्तू परत घेणार की नाही, हेही.

काही बारीकसारीक सवयी लावून घ्या. पार्सल बांधताना आणि परत आलेलं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा. नव्या चादरीच्या जागी जुनी आल्याचे प्रकार घडतात, तेव्हा हाच पुरावा. मोठ्या बाजारात अशा तक्रारीला मुदत असते, ती चुकवू नका. पैसे परत केले की जीएसटी नोंदणी असणाऱ्यांनी क्रेडिट नोट काढायची. त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती विवरणपत्रात दाखवली, तर भरलेला कर समायोजित होतो. ई-कॉमर्स कंपनी विक्रेत्याकडून जो टीसीएस कापते (१० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे), तोही परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो. ताळा तुम्ही घाला, दुसरं कुणी घालणार नाही.

आणि गिऱ्हाईक भगिनींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. पैसे परत मिळवायला यूपीआयचा पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. हक्काचा परतावा अडला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पण चार रंगांच्या चादरी मागवून तीन परत करायच्या असतील, तर त्या तिघींचं भाडं कुठल्या तरी घरातून जाणार आहे, एवढं मनात असू द्या.

त्या नागपूरच्या बाईंचं पुढे काय झालं? वहिनींनी ब्लँकेट परत घेतलं. पूर्ण किंमत दिली, जाण्याचं भाडं स्वतः सोसलं, येण्याचं बाईंना भरायला सांगितलं. बाई थोड्या कुरकुरल्या, पण त्यांनी भरलं. "मुदत संपली होती, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं," वहिनी म्हणाल्या. "पण त्यांच्या पोराचं वर्ष गेलं होतं, ताई. मी कुरिअरचे सत्तर रुपये सोडले. मात्र वहीत लिहून ठेवले."

पानिपतच्या पराभवाची बातमी पेशव्यांकडे सावकारी भाषेतल्या एका चिठ्ठीतून गेली, असं सांगतात. मोती किती, मोहरा किती ते त्यात होतं. खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नव्हती. तो हिशेब माणसांचा होता, आपल्या चादरींशी त्याची तुलना करायची नाही. पण काला अंबहून परतताना वहिनींची ती वही पाहिली आणि वाटलं, धंद्यात तरी खुर्दा मोजलेलाच बरा. सोडायचा तर मोजून सोडावा.