जप्ती मोजली, रुग्ण कोण मोजणार?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलीस आपल्या लोहोणेर-ठेंगोड्याजवळ गिरणेत पाणबुडे उतरवून एमडी शोधत होते. नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्याचं ते प्रकरण. किती किलो, किती कोटी, सगळं पेपरात आलं. ते घेणारी पोरं किती, कुठल्या वयाची, यावर चर्चा झालीच नाही.

नशेवरचं धोरण अजून जप्तीच्या आकड्यांभोवती फिरतं. कामाची माहिती मात्र व्यसनमुक्ती केंद्राच्या रजिस्टरमध्ये असते: वय काय, नशा कशाची, इलाजाला किती वर्षांनी आला. युरोपात हीच माहिती नाव गाळून दरवर्षी एकत्र करतात. आपल्या शेजारी मालेगावात ‘कुत्ता गोली’ची चर्चा असते. ही अल्प्राझोलमची गोळी. बरेच महिने घेऊन एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. म्हणजे रजिस्टरात गोळीवाले जास्त निघाले, तर तालुक्याला भाषणं नकोत, डोस हळूहळू उतरवणारा डॉक्टर हवा.

पण रजिस्टरपर्यंत पोचतात किती? एम्सच्या २०१९ च्या अहवालानुसार, बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांत एकालाच इलाज मिळाला. दारूत ३८ मध्ये एक. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी म्हणाली, “सर, तिथे नाव लिहून घेतात. उद्या याच्या बहिणीचं लग्न कसं जमेल?” तिचं काय चुकलं? नाव बाहेर जाणार नाही, ही हमी आरोग्य खात्याने आधी लेखी द्यावी, मग आकडे मागावेत. तोवर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत.