गाठ कोठून आली, हे जंतच सांगतो

गावात कंदुरी असली, की माणसांच्या आधी कुत्र्यांना खबर लागते. बोकड पडण्यापूर्वीच चार-दोन कुत्री जवळ येऊन बसतात. मुलाणी बोकड सोलतो, कलेजी आणि फुप्फुस बाहेर काढतो, तेव्हा एखाद्या वेळी त्यात लिंबाएवढी, पाण्याने टम्म भरलेली पांढरी गाठ दिसते. 'हे खराब आहे,' म्हणून तेवढा तुकडा कापून बाजूला टाकला जातो आणि कुत्रे तो जागच्या जागी गिळते. खराब तुकडा आपल्या हंड्यात गेला नाही, म्हणून सगळे समाधानी असतात. पण घोटाळ्याला सुरुवात होते ती तेथूनच.

त्या गाठीत एका जंताची असंख्य पिल्ले असू शकतात. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढतात आणि सहा-सात आठवड्यांत त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. हा जंत तांदळाच्या कणीएवढा, जेमतेम काही मिलिमीटरचा. कुत्रे त्याने आजारी दिसत नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओलसर, सावलीच्या जागी कित्येक महिने टिकतात. गवतावरून ती शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्या पोटात जातात. कुत्र्याच्या केसांना लागून, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीवरून किंवा उघड्या पाण्यातून ती माणसाच्याही पोटात जातात. माणसाला मग बहुधा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात, तशीच पाण्याची गाठ होते. डॉक्टर तिला हायडॅटिड गाठ म्हणतात.

येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ही गाठ मटण खाल्ल्याने होत नाही. ती कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने होते. त्यामुळे गळ्यात माळ असलेल्या आणि घरात कधी मटण न शिजलेल्या वारकऱ्यालाही ती होऊ शकते.

गॅस्ट्रोची साथ आली, तर कोणत्या विहिरीचे पाणी कोणी प्यायले, हे दोन दिवसांत विचारून कळते. या गाठीचे तसे नाही. ती फार हळू वाढते आणि कित्येक वर्षे काही त्रासही देत नाही. पोट जड वाटू लागून सोनोग्राफीत गाठ दिसते, तेव्हा पाच-दहा वर्षांपूर्वी कोणत्या कुत्र्याला कुरवाळले होते, हे कोण सांगणार? माणसाची आठवण येथे कामाला येत नाही. मग साक्ष काढायची ती जंताचीच.

ती कशी काढतात, ते पाहू. मालदांडी ज्वारी कोणती आणि हायब्रीड कोणती, हे आपण कणसावरून आणि दाण्यावरून ओळखतो. या जंताच्या जाती मात्र दिसायला जवळजवळ सारख्या. म्हणून शास्त्रज्ञ गाठीतल्या जंताचा डीएनए, म्हणजे आईबापांकडून पिल्लाकडे येणारा वंशाचा मजकूर, यंत्राने वाचतात. त्यातली काही अक्षरे जातीजातींत वेगळी असतात. त्यावरून मेंढी-जात, म्हैस-जात, गाय-जात असे वाण ठरतात. कोणता वाण कोणत्या जनावरांत आणि कोणत्या माणसांत सापडतो, हे ताडून पाहिले, की रोगाची वाट उमगते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने केले. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. कत्तल झालेल्या गाई-म्हशी, मेंढ्या आणि डुकरे यांच्यातल्या गाठी त्यांनी तपासल्या. त्यांत शेकडा ६३ गाठी म्हैस-जातीच्या निघाल्या. सुमारे २० गाय-जातीच्या आणि १३ मेंढी-जातीच्या होत्या. उरलेल्या थोड्या आणखी एका शाखेच्या होत्या, ती शाखा आता म्हैस-जातीतच धरतात.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हा रोग मेंढ्यांमागे फिरणाऱ्यांचा, आपण तर फक्त दूध घालतो, असे वाटणे सोपे आहे. सांगोला, माळशिरस, मंगळवेढा भागांतल्या मेंढपाळाने काळजी घ्यावी आणि पंढरपुरी म्हैस बाळगणाऱ्याने निर्धास्त राहावे, असा हिशेब आपण मनाशी करतो. जंताची साक्ष तसे सांगत नाही. म्हैस-जात म्हशीपुरती राहत नाही. ती मेंढीत आणि गाईतही सापडते, माणसातही सापडते. चंडीगडच्या संशोधकांनी २०१३ साली रुग्णांच्या गाठींवर असेच काम प्रसिद्ध केले, त्यांतही मेंढी-जात आणि म्हैस-जात होती. तेव्हा ओढ्यात टाकलेली मेलेली म्हैस आणि कंदुरीचा बोकड, दोन्हीकडून फेरा एकाच कुत्र्यापाशी येतो.

या तपासणीलाही मर्यादा आहे. अमक्याच्या गाठीला तमक्याचे कुत्रे कारण, असा निवाडा ती देत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बोट दाखवून भांडण उकरू नये. फेरा कोणकोणत्या जनावरांतून फिरतो, तेवढे ती दाखवते. तो कोठे तोडायचा, हे आपण ठरवायचे.

तो तोडता येतो, हे आइसलँड या थंड बेटाने दाखवले आहे. तेथील लोक मेंढ्यांवर जगणारे आणि ही गाठ तेथे घरोघरची. हाराल्ड क्राबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ साली तेथील कुत्री तपासली, तेव्हा शंभरातल्या २८ कुत्र्यांत हा जंत निघाला. पुढच्या वर्षी त्याने लोकांच्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर फुकट वाटली गेली. लोकांनी ती वाचली आणि गाठी कुत्र्यांना घालणे सोडले. मागाहून कायदाही आला. पुढे विसाव्या शतकात हा रोग त्या बेटावरून गेला. त्या काळी डीएनए कोणाला ठाऊक नव्हता, आजच्यासारखी औषधेही नव्हती.

आपण काय करावे?

कंदुरी असो वा लग्नाचे जेवण, कलेजी, फुप्फुस यांचा टाकाऊ भाग कुत्र्याला कच्चा घालू नये. घालायचाच तर अर्धा तास चांगला उकळून घालावा. नाही तर कुत्र्याला उकरता येणार नाही असा खोल खड्डा करून पुरावा. मेलेले जनावरही उघड्यावर टाकू नये.

राखणीच्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. सगळ्याच गोळ्या या जंतावर चालत नाहीत, प्राझिक्वान्टेल असलेली लागते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे द्यावी. औषधाने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवून त्याची विष्ठा पुरून टाकावी.

कुत्र्याशी खेळून आलेल्या पोरांचे हात साबणाने धुतल्याशिवाय त्यांच्या हाती भाकरी देऊ नये. भाजी वाहत्या पाण्यात धुवावी, पिण्याचे पाणी झाकून ठेवावे.

उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा फुगारा राहत असेल, तर पोट चोळून घेऊ नये. गाठ फुटली, तर अंगावर गांधी उठून जिवावर बेतू शकते. दवाखान्यात सोनोग्राफी करून घ्यावी. गाठ असली तरी घाबरू नये. गोळ्या आणि शस्त्रक्रिया असे इलाज आहेत, आणि काही गाठींवर नुसते लक्ष ठेवूनही भागते.

यंदाच्या कंदुरीला मुलाण्याजवळ घरातले एक जाणते माणूस उभे करावे आणि शेजारी खड्डा आधीच खणून ठेवावा. खर्च म्हणाल, तर घटकाभराच्या कुदळीचा.