पेढीवरचा अनर्थदंड

जुन्या पेढ्यांवर एक शिस्त असे. दिवसाचा मेळ लागला, रोकड तिजोरीत गेली, की दिवा मालवायचा आणि मगच कुलूप लावायचे. बिनकामाचा दिवा जळत ठेवला तर तेल वाया जाते आणि ज्योतीवर झेपावणाऱ्या पतंगांचा निष्कारण घात होतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे.

आता वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. एखाद्या कापडपेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. रात्री आठ वाजता दुकान वाढवताना दिवे-पंखे आठवणीने बंद होतात. गल्ल्याजवळचा संगणक मात्र सकाळी दहापर्यंत चालूच राहतो. रिकाम्या दुकानात त्याच्या पडद्यावर रंगीत चित्रे फिरत राहतात. आजोबांनी विचारले, तर नातू हिशेब मांडतो, "आजोबा, संगणक आणि पडदा मिळून ऐंशी वॅट. चौदा तासांचे सव्वा युनिटसुद्धा होत नाही. वर्षाचे चारशे युनिट, दहा रुपयांचा दर धरला तर चार हजार रुपये. एवढ्यासाठी काय विचार करायचा?"

नातवाचा हिशेब चुकलेला नाही. परंतु व्यापाऱ्याचा हिशेब जेथे संपतो, तेथे श्रावकाचा सुरू होतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. अर्थ म्हणजे प्रयोजन. गृहस्थाला आरंभ पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून निदान प्रयोजनावाचून घडणारी हिंसा त्याने टाळावी, एवढीच या व्रताची अपेक्षा आहे. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी प्रमादचर्येत निष्कारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे आणि वनस्पती तोडणे यांचा समावेश होतो.

आता ते चारशे युनिट कोठून येतात ते पाहावे. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशापासून होते. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. एका युनिटमागे साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका संगणकाच्या वर्षभराच्या निरर्थक जागरणासाठी अडीचशे किलोहून अधिक कोळसा लागतो. त्या कोळशासाठी जमीन खणली जाते, खाणीच्या जागेवरची झाडे तुटतात, भट्टी पेटते, वाफेसाठी आणि यंत्रे थंड करण्यासाठी पाणी खर्ची पडते, धूर हवेत जातो. प्रमादचर्येतील पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती ही पाचही नावे येथे एकत्र येतात. विजेत स्वतः तेउकाय जीव आहेत की नाहीत, याविषयी परंपरांत मतभेद आहेत. कोळशाच्या भट्टीविषयी मात्र मतभेदाला जागा नाही.

दिवसा बिले करणारा संगणक उपजीविकेचे साधन आहे; त्याला प्रयोजन आहे. रात्रीच्या चौदा तासांना ते नाही. उपाय कठीण नाहीत; केवळ काही गैरसमज दूर व्हावे लागतात. पडद्यावर फिरणारी चित्रे, म्हणजे स्क्रीनसेव्हर, वीज वाचवत नाहीत. जुन्या काचेच्या पडद्यांवर एकाच चित्राचा कायमचा डाग पडू नये म्हणून ती योजना निघाली. रोज एकदा बंद-चालू केल्याने संगणक बिघडत नाही, आणि सुरू होताना लागणारी जादा वीज रात्रभराच्या विजेपुढे नगण्य असते. सुरू व्हायला फार वेळ लागत असेल, तर जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी.

दुपारी गिऱ्हाईक नसताना दहा मिनिटांनी पडदा आपोआप बंद व्हावा आणि अर्ध्या तासाने संगणक 'स्लीप' अवस्थेत जावा, अशी सोय सेटिंगमध्येच असते. या अवस्थेत संगणकाला जेमतेम काही वॅट लागतात आणि काम जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू होते. मात्र ज्या मुख्य संगणकावरच्या हिशेबावर इतर संगणक चालतात, तो कामाच्या वेळेत चालूच ठेवावा. रात्री संगणक रीतसर 'शट डाऊन' करून मग बोर्डावरचे बटण बंद करावे, कारण प्रिंटर, स्पीकर आणि यूपीएस निष्क्रिय असतानाही थोडी वीज घेत राहतात. हिशेबाचा बॅकअप रात्री घ्यायचा असेल, तर तो पूर्ण होताच संगणक स्वतः बंद होईल अशी व्यवस्था करता येते. चोरीच्या भयाने चालू ठेवलेला कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डर यांना प्रयोजन आहे; त्यांना हा नियम लागू नाही.

नवा संगणक घेण्याची वेळ आलीच, तर लॅपटॉपचा विचार करावा. साध्या कामाला त्याला बहुधा वीस-तीस वॅट पुरतात. पण केवळ वीज वाचवण्यासाठी चांगला चालणारा संगणक टाकून देऊ नये. नव्या यंत्राच्या निर्मितीतही खाण आणि भट्टी असतेच, आणि परिग्रह वाढतो तो वेगळाच.

चातुर्मासात अनेक घरी छोटे-मोठे नियम घेतले जातात. 'दुकान वाढवताना बिनकामाचे एकही यंत्र चालू ठेवणार नाही' हा नियम त्यांत सहज बसेल. त्यासाठी उपवास लागत नाही, पैसा लागत नाही. कुलूप लावण्यापूर्वी मागे वळून एकदा पाहावे लागते, इतकेच. आजोबांच्या पिढीला ती सवय होती. नातवाच्या हिशेबात चार हजार रुपये क्षुल्लक असतील, पण अडीचशे किलो कोळशाचे पाप चार हजारांत फिटत नाही, एवढे त्याला सांगायला हवे.