साल कुजते, वृत्ती कुजत नाही

“केळीची साल तर आहे, कुजून जाईल! त्यात कसला आलाय कचरा?” गाडीची काच खाली करून साल भिरकावणाऱ्यांचे हे ठरलेले उत्तर. प्लॅस्टिकची पिशवी फेकताना जो जरा कचरतो, तोही उरलेला भात, अर्धी भाकरी, संत्र्याची सालपटे बिनदिक्कत फेकतो. आम्ही विचारतो, कुजते म्हणून एखादी वस्तू कचरा नसते काय?

शेतात पडलेली साल मातीत मिसळेल. डांबरावर ती चाकाखाली चेंगरते, माशा जमवते, दुचाकीस्वाराला पाडते. वासाने कुत्री रस्त्यावर येतात, घाटात माकडे येतात आणि गाडीखाली मरतात. ज्याला तुम्ही ‘मुक्या जनावराचा घास’ म्हणता, तो त्याचा शेवटचा घास ठरतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही कुजणारा कचरा हा कचराच मानला आणि रस्त्यावर कचरा टाकण्यास मनाई केली.

पण आमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. ते उचलतो कोण? गाडी पुढे निघून जाते. मागे भर उन्हात, भरधाव वाहनांच्या कडेला, कंत्राटावर राबणारी एखादी बाई झाडू घेऊन वाकलेली असते. तिची जात कोणती, हे या देशात विचारावे लागत नाही. ‘मी टाकीन, कोणीतरी उचलील’ हा जो निर्धास्तपणा आहे, तो जातिव्यवस्थेनेच शिकवलेला आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी समाजाला मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. आमच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले, उपासमार सोसली, पण उष्ट्यासाठी हात पसरला नाही. ज्यांनी उष्टे नाकारले, त्यांच्याच लेकींसमोर आज चालत्या गाडीतून उष्टे फेकले जाते. हा केवळ अस्वच्छतेचा नव्हे, स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

आणि हे केवळ इतरांना सुनावून भागणार नाही. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला निघालेल्या आमच्या गाड्यांच्या खिडक्यांतूनही पत्रावळ्या आणि साली बाहेर पडतात, हे कबूल करू या. ओठांवर जयभीम आणि हातून आपल्याच बहिणीच्या झाडूपुढे उष्टे, हे बाबासाहेबांना कसे रुचेल?

गाडीत एक पिशवी ठेवा. उरलेसुरले त्यात टाका, मुक्कामी पोहोचल्यावर ओल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी करा. खर्च शून्य. पण त्या वाकलेल्या पाठीला तेवढाच दिलासा!