पहिला फ्लॅश घेताना

मैत्रिणींनो, या आठवड्यात एका वाचक भगिनीच्या पत्राला उत्तर देते. त्या लिहितात, 'भावानं दिलेला कॅनन १५००डी कॅमेरा माझ्याकडे आहे. शेजारपाजारची बारशी, डोहाळजेवणं यांचे फोटो आजवर हौसेनं काढले. आता पुढच्या महिन्यात एका अनोळखी घरचं बारसं पैसे घेऊन करायचं ठरलंय. पण ट्यूबलाइटखाली फोटो हलतात, नाहीतर काळपट येतात. भिशीचे बारा हजार हातात आहेत. त्यात वेगळा फ्लॅश घ्यावा का, आणि कोणता? हे पैसे वाया गेले तर घरात पुन्हा मागायला मला तोंड राहणार नाही.'

बारसं काही पुन्हा होत नाही आणि भिशीही वर्षातून एकदाच लागते. तेव्हा घाई न करता, एकेक गोष्ट पाहून घेऊ या.

कॅमेऱ्याचा फ्लॅश का पुरत नाही?

कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असतो. त्याचा प्रकाश समोरून सरळ तोंडावर आदळतो. मग कपाळ आणि नाक चकाकतं, डोळे लाल येतात, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पडते. बाहेरचा फ्लॅश आणून तोही तसाच सरळ मारला, तर पैसे खर्चून बहुतेक तोच फोटो मिळेल, फक्त जास्त उजेडातला.

खरा फरक पडतो तो फ्लॅशचं डोकं पांढऱ्या छताकडे वळवल्यावर. मग प्रकाश छतावर पसरून वरून मऊसा खाली उतरतो. सावली पुसट होते, साडीचा पोत दिसतो, बाळालाही तो प्रकाश सौम्य लागतो. म्हणून आपली पहिली अट ही: फ्लॅशचं डोकं वर उचललं गेलं पाहिजे आणि डाव्या-उजव्या बाजूलाही वळलं पाहिजे. दोन्ही हं! कॅमेरा उभा धरला की नुसतं वर उचलणारं डोकं भिंतीकडे बघत बसतं. डोकं न वळणारा फ्लॅश कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आपला कॅमेरा आधी नीट पाहा

कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश सरकवायची धातूची खाच असते. तिला हॉट शू म्हणतात. त्या खाचेच्या मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो. साधे, स्वस्त फ्लॅश याच ठिपक्यातून मिळणाऱ्या इशाऱ्यावर उडतात.

आता आपल्या भगिनीसाठी महत्त्वाची गोष्ट. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांत हा मधला ठिपका ठेवलेलाच नाही. आपल्याकडे हे कॅमेरे पुष्कळ घरांत आहेत. बाजारात 'सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो' म्हणून विकला जाणारा साधा फ्लॅश यांच्यावर नुसता बसतो, उडत नाही! यांच्यासाठी कॅननचीच भाषा समजणारा, 'ई-टीटीएल' लिहिलेला फ्लॅश लागतो. तो कॅनन कंपनीचाच हवा असं नाही. गोडॉक्ससारख्या कंपन्या असे फ्लॅश बनवतात आणि कॅननसाठीच्या प्रकाराच्या नावापुढे बहुधा 'सी' हे अक्षर असतं. मात्र तोही दुकानात आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, उडवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सोनीच्या कॅमेऱ्याची खाच निराळी असते, तेव्हा त्यांनी सोनीसाठी बनवलेलाच मागावा.

आपोआप की हातानं?

टीटीएल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. फोटोच्या अगदी आधी फ्लॅश एक बारीकशी चमक मारतो, कॅमेरा तिचं परतलेलं तेज भिंगातून मोजतो आणि खऱ्या फोटोला किती प्रकाश हवा ते ठरवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. मॅन्युअल फ्लॅशमध्ये हे काम आपलं. पूर्ण, निम्मा, पाव, अष्टमांश असा जोर आपण ठरवायचा, जशी गॅसची ज्योत मोठी-बारीक करतो तशी.

ज्यांच्या कॅमेऱ्यावर मधला ठिपका आहे आणि ज्यांना बसलेली माणसं, देवघर किंवा विक्रीसाठी मांडलेले पदार्थ सावकाश टिपायचे आहेत, त्यांना मॅन्युअल फ्लॅश उत्तम. गोडॉक्सचा टीटी-६०० हा त्यातला माहितीतला. कमी पैशांत चांगला जोर मिळतो आणि प्रकाश कसा वागतो हेही शिकायला मिळतं. पण बारशाला आत्या एकदा पाळण्यापाशी, एकदा दारापाशी. बायका पुढे येणार, मागे जाणार. दर वेळी जोर बदलत बसलं तर कानात नाव सांगायचा क्षण निघून जाईल. समारंभाचं काम करणारीनं टीटीएलच घ्यावा. पत्र लिहिणाऱ्या भगिनीचा कॅमेराही तेच सांगतो आहे.

तो मोठा आकडा

खोक्यावर 'गाइड नंबर ६०' असं काही ठळक लिहिलेलं असतं. हा हिशेब आमच्या सहावीच्या मुलांनाही जमेल. गाइड नंबरला भिंगाच्या एफ-आकड्यानं भागलं की प्रकाश किती मीटर पोचेल ते कळतं. गाइड नंबर ३६ आणि भिंग एफ-४ वर असेल तर ९ मीटर. हे आयएसओ १०० ला. आयएसओ ४०० केला की अंतर दुप्पट होतं.

पण हा आकडा कोणत्या झूमला मोजलाय तेही पाहावं. टीटी-६००चा ६० हा आकडा २०० मिलिमीटर झूमचा आहे. प्रकाश रुंद पसरवला की तो बराच खाली येतो. म्हणून दोन फ्लॅशची तुलना करताना झूम सारखाच आहे ना, ते विचारा. शिवाय छतावरून परतताना पुष्कळ प्रकाश वाटेतच खर्च होतो. दोन सेलचा चिमुकला फ्लॅश पर्समध्ये मावतो खरा, पण पैसे पुरत असतील तर समारंभासाठी चार सेलचा बरा. पुन्हा भरायलाही तो कमी वेळ घेतो.

माळ्यावरचा जुना फ्लॅश

घरात सासऱ्यांच्या रोलच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश असला, तर तो नव्या कॅमेऱ्यावर सहज म्हणून लावू नका. त्या काळच्या काही फ्लॅशमध्ये खाचेच्या ठिपक्यावर दोनशेच्या वर व्होल्ट असतात. जुन्या कॅमेऱ्यांना ते चालत असे, डिजिटल कॅमेऱ्याचं नाजूक सर्किट त्यानं जळू शकतं. आणि बंद पडलेला फ्लॅश घरी उघडायचा तर कधीच नाही. सेल काढल्यावरही आत जबर झटका देण्याइतकी वीज साठून राहिलेली असते. मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

बारा हजारांची वाटणी

सगळे पैसे फ्लॅशवर घालू नका. आधी आठ चांगले रिचार्जेबल पेन्सिल सेल आणि चार्जर यांचे पैसे बाजूला काढा. चार फ्लॅशमध्ये, चार पर्समध्ये. साधे सेल भर कार्यक्रमात मंदावतात आणि दर खेपेला नवे घेणं महागात पडतं. एका संचात नवे-जुने सेल मिसळू नयेत. उरलेल्या रकमेत बिल आणि वॉरंटीसह मिळणारा टीटीएल फ्लॅश घ्यावा. रंगीत कागद, छत्री, रिमोट हे सगळं आत्ता नको.

दुकानात एवढं जरूर करा:

- स्वतःचा कॅमेरा, स्वतःचे भरलेले सेल न्या.
- डोकं वर आणि दोन्ही बाजूंना वळवून पाहा. ढिलं नको.
- पूर्ण जोरावर लागोपाठ पाच-सहा फोटो काढा आणि पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा.
- खाचेत बसवून हलकेच हलवा. डुगडुगता कामा नये.
- बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या.

कामाच्या आधी आठ दिवस

फ्लॅश निदान आठवडाभर आधी घरात आला पाहिजे. कॅमेरा 'एम'वर ठेवा. शटर १/१२५, भिंग एफ-५.६, आयएसओ ४००, फ्लॅश टीटीएलवर, डोकं छताकडे आणि किंचित मागे झुकलेलं. एवढ्यावर सुरुवात करा. फोटो काळपट आला तर आयएसओ ८०० करा. शटर १/२०० च्या पुढे नेऊ नका. त्याहून वेगात शटर आणि फ्लॅश यांचा मेळ बसत नाही आणि मॅन्युअल फ्लॅशवर फोटोत काळा पट्टा येतो. डोळ्यांत जिवंत चमक हवी असेल तर पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा रबरबँडनं फ्लॅशच्या मागे उभा बांधा. काही फ्लॅशमध्ये अशी पट्टी आतच असते, ती ओढून काढायची.

बारशाच्या घरी आदल्या दिवशी एकदा डोकावून या. छत पांढरं आहे ना, ते पाहा. भिंती पोपटी किंवा गुलाबी असतील तर त्यांच्यावर प्रकाश टाकू नका, सगळ्यांचे चेहरे पोपटी होतील. रंगीत कापडाच्या मांडवातही तेच. उंच छताच्या कार्यालयात प्रकाश वरून परतत नाही. तिथे जवळची पांढरी भिंत शोधावी, तीही नसेल तर नाइलाजानं सरळ मारावा, पण कमी जोरानं आणि आयएसओ वाढवून. बाळाच्या तोंडाशी नेऊन मात्र फ्लॅश उडवू नये. पूर्ण जोरावर सारखा मारत राहिलात तर फ्लॅश तापतो, अधूनमधून त्यालाही श्वास घेऊ द्या.

काम झालं की सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतले पत्रे खातात. पावसाळ्यात झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत फ्लॅश ठेवावा.

आणि भगिनी, पहिल्या कमाईतून भिशीचे बारा हजार वहीत वेगळे वळते करत चला. तिसऱ्या-चौथ्या कार्यक्रमानंतर ती वही घरात सगळ्यांसमोर उघडायला तुम्हाला मुळीच संकोच वाटणार नाही.